माळव्याची अफू व चीनचा व्यापार
(देशी सावकारी दप्तरांच्या दृष्टीनें)

हिंदुस्थान व चीन या दोन देशांमधील अर्वाचीन व्यापाराचा इतिहास बव्हंशीं इंग्रज कंपनीच्या दप्तरांवरून लिहिला गेला आहे. लंडनच्या संचालकांचीं पत्रें, कँटनच्या वखारीचे कागद व कलकत्त्याच्या लिलावांचे आंकडे हीं साधनें विपुल असल्यामुळें तसें होणें स्वाभाविकच होतें. अलीकडे कांहीं अभ्यासकांनीं देशी व्यापाऱ्यांकडे लक्ष वेधलें आहे. तथापि ज्या प्रांतांतून या व्यापाराचा मोठा भाग उगम पावला, तो माळवा शिंदे-होळकरांच्या अमलांतील होता, या गोष्टीचा मराठी कागदपत्रांच्या संग्राहकांनीं म्हणावा तसा विचार केलेला नाहीं. प्रस्तुत लेखांत तो विचार थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पूर्वपीठिका पाहूं. इ. स. १७५७ मध्यें चीनच्या बादशहानें पाश्चात्त्यांचा समुद्रमार्गीं व्यापार एकट्या कँटन बंदरांत आणून ठेविला. तेथेंही परदेशी व्यापाऱ्यांस मोकळेपणानें खरेदी-विक्री करतां येत नसे. सरकारनें नेमलेल्या 'हाँग' व्यापाऱ्यांच्या मंडळामार्फतच सर्व व्यवहार चाले. इंग्रजांस हवा होता चहा. सन १७८४ मध्यें विलायतेंत चहावरील जकात शेंकडा सुमारें ११९ वरून साडेबारावर आली, तेव्हां चहाची मागणी एकदम वाढली. परंतु चिन्यांस विलायती माल फारसा नको होता. त्यांस रुपें हवें होतें. ही तूट भरून काढण्यास जो माल उपयोगी पडला तो हिंदुस्थानचा: आधीं गुजराथचा कापूस, व पुढें अफू. मुंबईचे पारशी व्यापारी या मार्गावर लवकरच गेले. हिरजी जीवनजी हे सन १७५६ मध्यें चीनला गेले असें सांगतात. वाडिया घराण्याच्या कारागिरांनीं मुंबईच्या गोदींत बांधलेल्या सागवानी जहाजांचा लौकिकही याच काळांत वाढत गेला.

अफूच्या व्यापारास चीनमध्यें सन १७२९ पासूनच राजाज्ञेनें आळा घालण्यांत आला होता. असें असतां सन १७७३ मध्यें वॉरन हेस्टिंग्जनें बंगाल-बिहारच्या अफूचा मक्ता कंपनीच्या हातीं घेतला. कंपनी हा माल स्वतःच्या जहाजांतून चीनला नेत नसे. कलकत्त्यास लिलाव करून तो खाजगी व्यापाऱ्यांस विकी, व पुढील चोरट्या व्यापाराशीं आपला संबंध नाहीं असें दाखवी. या सोयीच्या व्यवस्थेस एकच मोठा शह होता, व तो म्हणजे माळवा. तेथें जमीन कंपनीची नव्हती, रयत कंपनीची नव्हती, आणि सावकारही कंपनीचा बांधलेला नव्हता.

माळव्यांतील या उद्योगाची रीत समजल्याशिवाय तेथील हिशेब वाचतां येणार नाहींत. पावसाळा सरल्यावर खसखशीची पेर होई. माघ-फाल्गुनांत बोंडांस चिरा पाडून चीक गोळा करीत. तो वाळूं नये म्हणून जवसाच्या तेलांत ठेवीत. गांवचा बोहरा किंवा वाणी पिकावर आगाऊ रक्कम देई, त्यास उज्जैन-इंदूरच्या पेढ्या पैसा पुरवीत. पेढीवर आलेला माल कापडांत टांगून तेल निथळूं देत, नंतर त्याचे गोळे करून पानाच्या चुऱ्यांत सुकवीत, आणि मग पेट्या भरीत. पेटी सुमारें १४० पौंडांची. म्हणजे फाल्गुनांत निघालेला चीक कँटनच्या खाडींत पोंचेपर्यंत बहुधा वर्ष उलटे, व तेवढा काळ कोणाचें तरी भांडवल त्यांत अडकून राही. हें भांडवल हुंडीवर फिरे. व्याज, हुंडणावळ, विमा, भाडें व वाटेवरच्या राहदाऱ्या या सर्वांची नोंद सावकाराच्या वहींत होत असली पाहिजे. कंपनीच्या दप्तरांत तिचा केवळ अंदाज सांपडतो.

सन १८१८ मध्यें मराठी सत्तेचा अस्त झाला, असें आपण एका वाक्यांत लिहितों. अफूच्या बाबतींत मात्र कंपनीस तसा अनुभव आला नाहीं. सन १८१९ च्या सुमारास तिनें माळव्याचा माल स्वतःच खरेदी करून बाजार ताब्यांत आणण्याचा यत्न केला. त्यामुळें भाव वाढले व लागवडही वाढली. मग सन १८२० नंतरच्या दशकांत होळकरांसह अनेक संस्थानिकांशीं लागवड व वाहतूक मर्यादित करण्याचे करार केले. शिंद्यांनीं तसा करार केला नाहीं. शिंद्यांचा मुलूख माळव्यांत इतर संस्थानांशीं असा गुंतलेला होता कीं, त्यांच्या संमतीवांचून चौक्या बसविणें व्यर्थ होतें. माल पालीवरून मारवाडांतून, जेसलमेरच्या वाळवंटांतून उंटांवर कराचीस जाई. तेथून गलबतानें पोर्तुगीजांच्या दमणास, व दमणाहून चीनला. नकाशावर ही वाट पाहिली तर ती किती आडवळणाची होती हें ध्यानांत येईल. तरीही ती किफायतशीर होती. अखेर सन १८३० मध्यें कंपनीनें हात टेकले. मक्त्याचा नाद सोडून तिनें मुंबईमार्गे जाणाऱ्या मालावर परवाना देण्याची पद्धत सुरू केली. पुढील कांहीं वर्षांत तर माळव्याच्या पेट्यांची संख्या बंगालच्या पेट्यांहून अधिक भरली.

या परवान्याच्या दरांकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. आरंभीं दर पेटीस रु. १७५ होता. त्या दरानें पुष्कळ माल दमणाकडेच वळत राहिला, म्हणून सन १८३५ मध्यें तो रु. १२५ वर उतरवावा लागला. सन १८४३ मध्यें सिंध प्रांत इंग्रजांनीं जिंकला व कराचीची वाट बंद झाली. त्याच वर्षीं दर रु. २०० झाला, सन १८४५ मध्यें ३००, आणि १८४७ मध्यें ४००. बारा वर्षांत दर तिपटीहून अधिक झाला. एका खुल्या वाटेची किंमत किती असते, याचें याहून स्पष्ट प्रमाण मिळणें कठीण. देशी संस्थानांचें स्वातंत्र्य तहनाम्यांतून जवळजवळ नाहींसें झालें असतां तें व्यापाराच्या वाटेवर आणखी पंचवीस वर्षें शिल्लक होतें, असें आमचें मत या आंकड्यांवरून झालें आहे.

मुंबईच्या उत्कर्षास या व्यापारानें हातभार लाविला हें सर्वश्रुत आहे. मोतीचंद अमीचंद, गोमंतकीय व्यापारी सर रॉजर द फारिया व सर जमशेटजी जीजीभाई हे यांत अग्रणी होते. जमशेटजींनीं पांच वेळां चीनची सफर केली. त्यांपैकीं एका सफरींत, सन १८०५ मध्यें, त्यांचें जहाज फ्रेंचांनीं पकडलें. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन हा शस्त्रवैद्य होता, व पुढें त्याच्याच पेढीशीं जमशेटजींचा मोठा व्यवहार जमला. पुण्याच्या मुळामुठेवरील बंधारा जमशेटजींच्या देणगीचा. त्या पाण्याचा एक झरा माळव्याच्या शेतांत व दुसरा चीनच्या किनाऱ्यावर आहे, हें सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही मांडला पाहिजे. सन १८३९ मध्यें लिन त्सेश्यू या चिनी अधिकाऱ्यानें परदेशी व्यापाऱ्यांकडून २०,२८३ पेट्या हस्तगत करून नष्ट केल्या. त्यांत मुंबईकरांचाही माल होता. पुढें युद्ध झालें, व २९ ऑगस्ट १८४२ रोजीं नानकिंगचा तह झाला. हाँगकाँग गेलें, पांच बंदरें खुलीं करावीं लागलीं, आणि जप्त अफूपोटीं ६० लक्ष डॉलर चीनच्या माथीं बसले. ज्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर हा तह झाला, तें मुंबईच्याच गोदींत सन १८१३ मध्यें बांधलेलें होतें. व्यापारानें उभय देशांचें कल्याण होतें असें सामान्यतः मानितात. येथें एका देशाची निर्यात दुसऱ्या देशाचें व्यसन झाली, आणि नफ्याचा मोठा वांटा तिसऱ्यानें नेला. माळव्याच्या कुणब्यास आगाऊ रकमेचें व्याज वजा जातां काय उरलें, हा प्रश्न मात्र अनुत्तरित आहे. त्याचें उत्तर आहे तें वह्यांत.

म्हणून संग्राहकांस आमची दुहेरी विनंती आहे. पहिली कालनिर्णयाविषयीं. सावकारी वह्यांत विक्रम संवत असतो. परंतु तो कोठें चैत्रादि, कोठें कार्तिकादि चालतो. 'संवत १८९९, चैत्र' ही मिति चैत्रादि धरल्यास इ. स. १८४२ मध्यें, व कार्तिकादि धरल्यास १८४३ मध्यें पडते. म्हणजे एका गणनेनें सिंध जिंकण्यापूर्वीं, दुसऱ्या गणनेनें मियाणीच्या लढाईनंतर. अशा एका मितीवरून कराचीमार्गाविषयींचा सिद्धांत उभा राहील किंवा कोसळेल. वार व लगतच्या नोंदी ताडून पाहिल्याविना वर्ष ठरवूं नये.

दुसरी विनंती अधिक निकडीची आहे. जुन्या हुंड्या व मुद्रांकित कागद शोभेसाठीं सुटे विकत घेण्याची हौस सर्वत्र दिसते, आणि त्यासाठीं रुमाल फोडले जातात. सुटी हुंडी देखणी असेल, परंतु ती कोणत्या खात्यावर लिहिली, कोणत्या मालापोटीं सकारली, हें वहीशिवाय कळत नाहीं. रोजमेळ, खातेवही व हुंड्या एकत्र असतील तर त्या तशाच ठेवाव्या. निदान फोडण्यापूर्वीं त्यांची यादी करावी. मोडी व महाजनी या दोन्ही लिप्या वाचणारे आतां थोडेच राहिले आहेत.

चीनकडे जाणारी हिंदी अफू सन १९१३ मध्यें बंद झाली. ज्यांनीं ती पिकविली, तोलली व पाठविली, त्यांचा शब्द ऐकावयाचा असेल तर तो या लाल बासनांतूनच ऐकूं येईल.