रुईच्या उताऱ्याची कुळकथा

१८६१मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि साहेबाची नजर खानदेशावर पडली. कलेक्टर ॲशबर्नर यांनी हिंगणघाटचे लांब धाग्याचे बी आणवून पेरायला लावले. भेसळीविरुद्ध मुंबई सरकारने १८६३मध्ये कायदाही केला. युद्ध संपले, भाव कोसळले. पुढच्या काही दशकांत खानदेशी शेतकरी पुन्हा आखूड, भरड धाग्याच्या वाणाकडे वळला. सरकारी अहवालांना त्यात कुणब्याचा हट्ट आणि व्यापाऱ्याची लबाडी दिसे.

खरे उत्तर जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात, होते. लांब धाग्याच्या देशी वाणाचा शंभर शेर कापूस त्यात घातला, की तीसएक शेर रुई निघे, बाकी सरकी. भरड वाणाचा उतारा चाळिशीला टेकत असे. शिवाय हा वाण काटक, पावसाने ओढ दिली तरी तग धरणारा. लांब धाग्याला चार पैसे जास्त मिळत, पण ते पैसे कमी उताऱ्यातच जिरून जात. भरड रुईला गिऱ्हाईकही होते: जपानच्या गिरण्या.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृषी खात्यानेच नमते घेतले. त्याच भरड कापसातून निवडलेल्या ‘एन.आर.’चे, म्हणजे नेग्लेक्टम रोझियमचे, बी खाते खानदेशात वाटू लागले. धागा थोडा सुधारलेला ‘जरीला’ त्यानंतरचा.

उतारा आणि भाव यांचा ताळा मांडणारा खानदेशी शेतकरी हिशेबीच होता. अर्थशास्त्रातला हिशेबी माणूस जॉन स्टुअर्ट मिलच्या १८३६च्या निबंधात भेटतो. त्याच्या पंगतीत शेतकऱ्याला पाट मिळायला सव्वाशे वर्षे लागली. भाव हलला की कापसाखालचे क्षेत्रही हलते, हे अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांनी १९६३मध्ये पंजाबच्या आकड्यांवरून दाखवले. पुढच्याच वर्षी थिओडोर शुल्ट्झ यांनी, गरीब शेतकरी हाती आहे ते नीटच वापरतो, असे मांडले. जिनवाल्याला हे सांगायला कुणाची गरज नव्हती, ही गोष्ट वेगळी.

तरी शेतकरी नेहमी बिनचूकच वागतो, असे धरून चालणेही भाबडेपणाचे. २०२१-२२च्या हंगामात कापूस क्विंटलला बारा हजारांपर्यंत गेला. पुढच्या हंगामात भाव घसरला, तेव्हा जळगाव-धुळ्याकडे घराघरांत कापूस रचून ठेवलेला. त्यातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटली, तरी विकायला मन होईना. आधी कानावर पडलेल्या आकड्याभोवतीच माणसाचा अंदाज घुटमळतो, हे मानसशास्त्रज्ञ काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७४मध्ये लिहून ठेवले आहे. बारा हजारांचा आकडा असाच मनात बसला होता. मात्र आदल्या हंगामात दिवाळीला विकणाऱ्यांपेक्षा मार्च-एप्रिलपर्यंत थांबलेलेच फायद्यात राहिले होते.