परीक्षेचे गाव

धोंडो केशव कर्वे १८७५ साली मुरूडहून साताऱ्याला पायी गेले, ते शिकायला नव्हे, परीक्षेला. सरकारी नोकरीसाठी लागणारी सहाव्या इयत्तेची परीक्षा तिथे होती. भर पावसात, सोबत्यांसह सह्याद्री ओलांडून ते पोहोचले आणि वय कमी दिसते म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. ही हकीकत आपण जिद्दीचा नमुना म्हणून सांगतो. मला तिच्यात दुसरेच काही दिसते. अभ्यास मुरूडलाही झालाच होता. गाडे अडले ते परीक्षेच्या केंद्रापाशी आणि शिक्का देणाऱ्याच्या मर्जीपाशी.

देवरूखातल्या माणसाचेही पुढे बराच काळ तिथेच अडत राहिले. रत्नागिरीत महाविद्यालय आले १९४५ साली, देवरूखात १९७२ साली. तोवर मुंबई गाठायची, दिवसा नोकरी करायची आणि रात्रशाळेत बसायचे, हाच रिवाज होता. शाळा सुटलेल्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म होता. तो भरून बाहेरून दहावीला बसता येई. पण अभ्यास ज्याचा त्याने करायचा. टायपिंगची परीक्षा हाही एक मार्ग. चाळीस शब्दांच्या वेगावर कारकुनी मिळे, आणि चाकरमान्याच्या घरात त्या प्रमाणपत्राला पदवीइतकाच मान असे.

पत्राद्वारे शिक्षण दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली सुरू केले, मुंबई विद्यापीठाने १९७१ साली. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे पाठही त्याच वर्षी सुरू झाले. योगायोगच, पण फरक बोलका आहे. तिथे प्रवेशाला आधीची पात्रता लागत नव्हती. आपल्याकडे बारावीचा कागद आधी हवा, मग पोस्टाने पाठ.

ज्याच्याकडे तो कागद नव्हता, त्याची किंमत १८ जानेवारी १९८२ नंतर कळली. त्या दिवशी सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतले कितीतरी कोकणात परतले. साचेखात्यात वीस वर्षे काढलेल्या माणसाजवळ त्या हुन्नराचे एकही प्रमाणपत्र नव्हते. गिरणीने पगार दिला होता, पण त्याच्या कसबाला दुसरीकडे ओळख मिळेल असे काही लिहून दिले नव्हते. नवा धंदा शिकायची खरी गरज ज्या पिढीला होती, तिच्यासाठी तेव्हा काहीच तयार नव्हते.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकला स्थापन झाले ते १ जुलै १९८९ रोजी. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद आज घासून गुळगुळीत झाले असले, तरी विचार धाडसी होता: पूर्वतयारी शिक्षणक्रम पुरा करून, दहावी-बारावीशिवायही पदवीच्या वर्गात प्रवेश. मराठी पुस्तके, जवळचे अभ्यासकेंद्र, रविवारची संपर्कसत्रे. पुढे, २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी गावोगावी नेली, आणि संगणकाचे एक प्रमाणपत्र सरकारी नोकरीच्या जाहिरातींत कायमचे जाऊन बसले.

पण शिक्क्याची भानगड मिटली नाही. अण्णामलाई विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली मुक्त विद्यापीठांनाही विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम बंधनकारक ठरवले; मूळ पदवीविना मिळवलेली पदव्युत्तर पदवी त्यांत टिकली नाही. पदवी हातात, पण बढतीच्या वेळी तीच नामंजूर. त्या माणसाचे दुःख कुठल्याही अहवालात मावत नाही.

आता साताऱ्याला जावे लागत नाही. २०१७ साली ‘स्वयं’ सुरू झाले, २०२० साली आयोगाने ऑनलाइन पदव्यांचे नियम केले आणि २०२२ साली अशा मान्यताप्राप्त पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या असल्याचे स्पष्ट केले. तथापि परिचर्या, विधी, अभियांत्रिकी यांच्या पदव्या घरबसल्या नाहीत. देवरूखातल्या एखाद्या बाईला परिचारिका व्हायचे झाले, तर आजही तिला वर्गात आणि वॉर्डातच उभे राहावे लागते, आणि ते बरेच आहे. मोबाइलवर सहा आठवड्यांत मिळणारी कंपन्यांची प्रमाणपत्रे ही तिसरीच जात: हुन्नर शिकवतात, पण पदवी नव्हेत. जाहिरातीत मात्र दोन्ही एकाच रंगात छापलेली असतात. म्हणून फी भरण्याआधी आयोगाच्या यादीत त्या विद्यापीठाचे नुसते नाव पाहून भागत नाही. तो अभ्यासक्रम आणि ते सत्रही तिथे आहे का, हे पाहावे लागते.