नवा स्वार आणि दांडगी गाडी

मंडळी, खंडेनवमीच्या सकाळी आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात जा. अंगणात नांगर, विळे, कोयते, कुऱ्हाडी स्वच्छ धुऊन मांडलेल्या दिसतील. त्यांच्या शेजारी मोटारसायकल उभी असेल. तिलाही हळदकुंकू लागते, झेंडूची माळ पडते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. ह्याच जागी एके काळी घोडा उभा असे. पूजा तीच राहिली, फक्त वाहन बदलले.

आणि त्याच सुमारास पुष्कळ घरांत एक प्रश्न निघतो. "पोरगं अठरा वर्षांचं झालं. गाडी पाहिजे म्हणतं. घ्यायची तर दांडगीच घ्या म्हणतं. काय करावं, सर?" मी इतिहास शिकवतो, गाड्या विकत नाही. तरीही हा प्रश्न माझ्याकडे येतो. आणि त्याचे उत्तर इतिहासात आहे, असे मला आता वाटू लागले आहे. ते कसे, तेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम घोड्याकडे जाऊ. आपल्या मुलुखातला स्वार ज्या घोड्यावर बसे, तो भीमा-नीरेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा. अंगाने लहान, पण काटक. कडबा-गवतावर राहणारा, डोंगरवाटेला न चुकणारा. अरबी घोडे समुद्रमार्गे चौल, दाभोळ, गोवे अशा बंदरांत उतरत. ते उंच, देखणे आणि फार महाग. मराठ्यांचा स्वार दूरवर धावला तो मुख्यत्वे ह्या लहान घोड्याच्या जिवावर. म्हणजे मोठा घोडा तोच चांगला, हे आपल्या पूर्वजांनी मानले नव्हते. काम कोणते, वाट कोणती आणि स्वार कोण, हे पाहून घोडा ठरे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार होते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. सभासदाच्या बखरीवरून कळते की, २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी रचना होती. आणि २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. म्हणजे नवा पोर घोड्यावर बसला तरी तो एकटा नसे. वर हवालदार होता, नाल पाहणारा होता, पाणी पाजणारा होता. ताकद हाती दिली जाई, पण तिच्याभोवती शिस्तीचे कुंपण असे.

आणि तिसरी गोष्ट तर घोड्याच्याच स्वभावात आहे. घोड्याला स्वतःचा जीव प्यारा असतो. अंधारात दरीचा काठ आला की तो थबकतो. स्वाराने चुकीचा लगाम ओढला तरी तो आंधळेपणाने पुढे जात नाही. म्हणजे घोड्यावरच्या प्रवासात दोन डोकी काम करीत असतात. मोटारसायकलीवर एकच डोके. आणि स्वार नवा असेल तर तेही निम्मेच, कारण उरलेले निम्मे क्लच कुठे आणि ब्रेक कुठे ह्यातच गुंतलेले असते!

आता ह्या यंत्राच्या जन्माकडे पाहा. १८८५ साली जर्मनीत गॉटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख ह्या दोघांनी लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचे इंजिन बसवून जगातली पहिली मोटारसायकल म्हणून ओळखली जाणारी गाडी बनविली. तिची शक्ती किती? अवघी अर्धी अश्वशक्ती. वेग ताशी अकरा-बारा किलोमीटर, म्हणजे धावणाऱ्या माणसाएवढा. आणि गंमत अशी की, ती कलंडू नये म्हणून तिच्या दोन्ही अंगांना दोन लहान आधारचाके होती. लहान मुलाच्या सायकलीला आपण लावतो तशीच! ज्यांनी हे यंत्र शोधले त्यांनी स्वतःसाठी आधारचाके लावली. आपण मात्र पहिल्याच दिवशी चाळीस अश्वशक्तीवर बसू पाहतो.

आपल्या देशात जोरदार मोटारसायकल घरोघरच्या पोरांसाठी आली नाही. ती आली लष्करासाठी. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भारत सरकारने सरहद्दीवरच्या गस्तीसाठी इंग्लंडच्या रॉयल एन्फिल्ड कंपनीकडून ३५० सी.सी.च्या बुलेट मागविल्या. पुढे १९५५ साली मद्रासेत मद्रास मोटर्सच्या सहकार्याने एन्फिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली आणि बुलेट येथेच बनू लागली. तिच्यावर बसणारा पहिला भारतीय स्वार म्हणजे जवान किंवा पोलीस. त्याला अगोदर शिकविले जाई, मग गाडी मिळे. पागेतल्या बारगिराचीच ही नवी आवृत्ती, नाही का?

जुनी बुलेट स्वतःही शिक्षक होती. गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी. इंजिनाचा दाब नेमका न साधता किक मारली तर किक उलटी येई आणि पिंढरीला कायमची आठवण देई. ज्याला ती सुरूच करता येत नसे, तो रस्त्यावर जाणार कुठला! आज बटण दाबले की गाडी सुरू होते. सोय झाली हे खरे; पण उंबऱ्यावरची ती परीक्षा गेली.

त्यानंतर म्हैसूरच्या कारखान्यातून जावा आली, तिचीच पुढे १९७३ पासून येझदी झाली. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत आली. माझे वडील प्राथमिक शिक्षक. त्यांची राजदूत मला अजून आठवते. पुढे टाकीवर मी, मागे आई, आणि बाजूला पिशवीत परीक्षेच्या उत्तरपत्रिका. खेड्यापाड्यांत दुधाचे कॅन वाहणारी ती गाडी. तिला घाई ठाऊक नव्हती.

मग १९८३ साली एक विलक्षण गोष्ट घडली. जपानच्या यामाहाच्या तंत्राने बनलेली राजदूत ३५० बाजारात आली. आता नीट लक्ष द्या. बुलेटही ३५० आणि हीही ३५०. आकडा एकच. पण बुलेटची शक्ती साधारण १८ अश्वशक्ती, तर हिची ३० च्या घरात. बुलेट म्हणजे संथ चालीचा थोराड बैल. रेस दिली तरी ती हळूहळू उठे. ही दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक जातीची. थोडी रेस दिली तर शांत, आणि अमुक एका टप्प्यापुढे गेली की एकदम उसळी. पुन्हा तिच्या परदेशी बहिणीला पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे मात्र ड्रम ब्रेक बसविण्यात आला. पळण्याची ताकद आली, थांबण्याची त्या मानाने आली नाही. गाडी महाग, पेट्रोलही फार पिणारी. दहा वर्षांच्या आत ती बंद पडली. आज शौकीन लोक तिला जिवापाड जपतात. पण नव्या स्वारासाठी तिच्यात एक धडा आहे. गाडीवरचा सी.सी.चा आकडा पाहून तिचा स्वभाव कळत नाही. ती शक्ती कशी सोडते, वजन किती आणि ब्रेक कसा, हे पाहावे लागते.

ह्याच्या उलट धडा १९८५ साली मिळाला. त्या वर्षी हिरो होंडाची १०० सी.सी.ची सी.डी. १०० आली. शक्ती जेमतेम सात अश्वशक्तीच्या आसपास. पण हलकी, कमी पेट्रोलात चालणारी, नवशिक्याला सांभाळून घेणारी. खेडेगावातला शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाला तिच्यावरच रस्त्यावर आला. देशाला मोटारसायकल चालवावयास शिकविले ते अशा लहान गाड्यांनी. त्याच वर्षी आलेली यामाहा आर.एक्स. १०० देखील शंभराचीच. परंतु ११ अश्वशक्तीची आणि अंगाने शंभर किलोच्या आसपास, म्हणून ती भलतीच चपळ. पुन्हा तेच, आकड्यावर जाऊ नये.

पुढे २००१ साली बजाजची पल्सर आली, आणि तरुणांच्या मनात गाडी म्हणजे प्रतिष्ठा असे समीकरण पक्के झाले. २०१३ साली चाकणच्या कारखान्यातून के.टी.एम. ड्यूक ३९० निघाली. तिची शक्ती ४३ अश्वशक्ती. म्हणजे सी.डी. १०० च्या सहापट! आणि कायदा काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार सोळाव्या वर्षी ५० सी.सी.पर्यंतची गाडी चालविता येते, आणि अठराव्या वर्षी गिअरच्या गाडीचा परवाना मिळाला की सातची काय आणि त्रेचाळीसची काय, कोणतीही. मधे पायरी नाही.

इतर देशांनी ही पायरी बांधली आहे. ब्रिटनने १९६१ पासून शिकाऊ स्वाराला २५० सी.सी.ची मर्यादा घातली. १९८३ पासून ती १२५ सी.सी.वर आणली. युरोपीय संघात २०१३ पासून तीन टप्पे आहेत : प्रथम १२५ सी.सी. आणि सुमारे १५ अश्वशक्ती. मग सुमारे ४७ अश्वशक्तीपर्यंत. आणि त्यावर दोन वर्षे काढल्यानंतर हवी ती गाडी. आपल्याकडे ही पायरी कायद्याने बांधलेली नाही. म्हणून ती घरानेच बांधावयास पाहिजे.

येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी बी.ए.च्या दुसऱ्या वर्गातला एक विद्यार्थी माझ्याकडे आला. पहाटे चारला उठून रस्त्यावर धावणारा, सैन्यभरतीची तयारी करणारा पोर. वडिलांनी सोयाबीनचे पैसे आले म्हणून गाडी घ्यावयाचे ठरविले होते. त्याने मला मोबाईलवर एका मोठ्या गाडीचे चित्र दाखविले आणि विचारले, "सर, घेऊ का?" मी तपासत असलेल्या पेपरांतून मान वर करून म्हणालो, "पैसे आहेत, वय आहे, घे की." एवढेच.

महिन्याभरात अपघात झाला. दिवस उजेडाचा, रस्ता कोरडा. दारू नाही, घाई नाही, वेगही फारसा नाही. कुत्रे आडवे आले. तो दचकला. दचकल्यावर माणसाची मूठ घट्ट आवळते आणि अंग मागे जाते. मूठ आवळून अंग मागे गेले की रेस आपोआप अधिक पिळली जाते. लहान गाडी अशा वेळी गुरगुरते. त्याच्या गाडीने झेप घेतली आणि ती सरळ नाल्यात गेली. पोर वाचला. पण मांडीचे हाड मोडले, सळई घालावी लागली, आणि भरतीचे वय निघून गेले. आज तो भेटतो, नमस्कार करतो, तक्रार करीत नाही. त्याने तक्रार केली असती तर बरे झाले असते, असे मला वाटते.

तरुण मित्र म्हणतात, "सर, ताकद असली म्हणून काय झालं? रेस आपल्याच हातात असते ना!" मी म्हणतो, बाबा, हात तुझा असतो, पण दचकल्यावर तो तुझा राहत नाही. तो हात पुन्हा तुझा व्हावयास काही महिन्यांची सवय लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. काय झाले हे कळेपर्यंतच तो सेकंद संपतो. आणि ४० चा वेग ८० केला तर ब्रेक लावल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट लागते.

आणि आपले रस्ते आठवा. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव-येडशी हा मार्ग चौपदरी झाला, गाडी पळवावीशी वाटते. पण त्याच मार्गाला शेतातली वाट येऊन मिळते. हंगामात दिव्याशिवाय उसाची ट्रॉली उभी असते. वळणावर वाळू सांडलेली असते, गावाजवळ सोयाबीन वाळत घातलेले असते. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरकडे पायी येणाऱ्या भाविकांची रीघ असते. ह्या रस्त्यावर शिकावयाचे आहे, हे विसरून चालणार नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती.

बाप म्हणतो, "सर, आज लहान घेतली तर दोन वर्षांनी पुन्हा मोठी घ्यावी लागंल. दोनदा खर्च कशाला?" हा प्रश्न खोटा नाही. त्याला माझे उत्तर असे : पहिली गाडी १०० ते १२५ सी.सी.ची घ्या, तीही शक्य तर वापरलेली. ती दोन वर्षांनी विकली तरी फार तोटा होत नाही, आणि हप्त्यांचे ओझे राहत नाही. गाडीवर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत. आडवी पडली तर एकट्याला उचलता आली पाहिजे. रविवारी शाळेच्या रिकाम्या मैदानावर पोराला घेऊन जा. २० च्या, मग ३० च्या, मग ४० च्या वेगाने दोन्ही ब्रेक मिळून गाडी थांबवावयास लावा. पुष्कळ जण वर्षानुवर्षे फक्त मागचा ब्रेक दाबतात; खरे थांबविण्याचे काम पुढचा करतो, पण तो हळुवार दाबावा लागतो. एक पावसाळा, एक सुगी आणि एक उसाचा हंगाम अशा गाडीवर काढू द्या. मग १२५ सी.सी.च्या वरची घ्या. २०१९ पासून तशा प्रत्येक नव्या गाडीला चाक न अडकू देणारी ए.बी.एस. ही ब्रेकची यंत्रणा सक्तीची आहे. हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून डोक्यावर हवे, टाकीवर नव्हे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढीच विनंती. विद्यार्थी गाडीचे चित्र घेऊन आला तर पेपर बाजूला ठेवा. त्याला दोन मिनिटे द्या. शिवाजीच्या पागेत २५ जणांमागे एक हवालदार होता. आपल्या वर्गात साठ-सत्तर पोरे असतात. त्यांचे हवालदार आपणच.

शेतकऱ्याला हे नव्याने सांगावयास नको. नवा खोंड कामाला लावताना आपण दोन खोंड एका जुवाला जुंपत नाही. शेजारी जुना, शहाणा बैल देतो. तो त्याला तास धरावयास शिकवतो. आणि नव्या गड्याच्या हाती तर मारका खोंड कधीच देत नाही. जी अक्कल आपण गोठ्यात वापरतो, तीच गाडीच्या दुकानात वापरली, तर यंदाच्या खंडेनवमीला अंगणात गाडीही उभी राहील, आणि तिला माळ घालणारा पोरही आपल्या पायांवर उभा राहील.