विद्युत्-कताई : प्रक्रियेचा इतिहास आणि नावाचा इतिहास

बहुवारिकांपासून नॅनोतंतू निर्माण करण्याच्या ज्या पद्धती आज रूढ आहेत, त्यांत विद्युत्-कताईस अग्रस्थान आहे. या पद्धतीचा उगम विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात झाला, असा समज पुष्कळदा आढळतो. त्याचे कारण प्रक्रियेच्या नव्हे, तर तिच्या नावाच्या इतिहासात सापडते.

प्रक्रिया मुळात अशी आहे : बहुवारिकाचे चिकट द्रावण बारीक नळीच्या टोकाशी आणून त्यास हजारो व्होल्टांचा विद्युत्दाब दिला असता विद्युत्प्रेरणा द्रवाच्या पृष्ठताणावर मात करते. थेंबाला शंकूचा आकार येतो आणि त्याच्या अग्रातून धार सुटते. ही धार वळसे घेत ताणली जाते, द्रावक उडून जातो व समोरच्या पट्टीवर तंतू जमा होतात.

१९०२ साली अमेरिकेत कूली व मॉर्टन यांनी या तत्त्वावरील पेटंटे मिळविली. परंतु दोहोंच्या शीर्षकांत कताईचा उल्लेख नाही; तेथे द्रव ‘विखुरणे’ एवढाच निर्देश आहे. १९३४ मध्ये फोर्महाल्स यांच्या अमेरिकी पेटंटात ‘कृत्रिम धागे’ हा शब्दप्रयोग आला, कारण त्यांचे लक्ष धागानिर्मितीवर होते. १९३८ मध्ये सोव्हिएत संघात रोझेनब्लूम व पेत्र्यानोव-सोकोलोव यांनी असेच तंतू तयार केले. त्यांपासून विषारी धूर अडविणारी गाळणी बनली आणि ती पेत्र्यानोव यांच्या नावाने ओळखली गेली. येथे नाव प्रक्रियेचे न राहता वस्तूचे झाले. १९६४ मध्ये टेलर यांनी शंकूचा अर्धकोन ४९.३ अंश असल्याचे गणिताने दाखविले. त्यांच्या निबंधाचा विषय मात्र पाण्याचे थेंब हा होता.

१९९५ साली अ‍ॅक्रन विद्यापीठातील दोशी व रेनेकर यांच्या निबंधाच्या शीर्षकात ‘इलेक्ट्रोस्पिनिंग’ हा सुटसुटीत शब्द आला आणि पुढे तोच रूढ झाला. नावाबरोबर उद्दिष्टही पालटले होते. पूर्वी सूत किंवा गाळणी हवी होती. आता तंतूची सूक्ष्मता हेच साध्य ठरले. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

तथापि संशोधकाने केवळ रूढ संज्ञेच्या आधारे शोध घेतला, तर ‘विखुरणे’ आणि ‘धागे’ या शब्दांखाली नोंदलेले पूर्वसूरींचे कार्य त्याच्या दृष्टीस पडणार नाही. म्हणून तंत्राच्या इतिहासलेखनात संज्ञांची कालानुक्रमी सूची हे पहिले साधन मानले पाहिजे.