चोपचिनी : एका परदेशी मुळीचा आपल्या घरापर्यंतचा प्रवास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, ते वर्गात शब्दाचा अर्थ सांगून थांबत नसत. तो शब्द आपल्या दारी कोठून आणि कोणाच्या सोबतीने आला, याचा शोध ते आम्हांस घ्यावयास लावीत. त्या शिकवणीचे ऋण अंशतः फेडावे, या हेतूने मी आज एकाच शब्दाचा मागोवा घेणार आहे. तो शब्द म्हणजे ‘चोपचिनी’.

माझ्या बालपणी, निपाणीच्या आमच्या घरी, आजीच्या घोट्यावर इसब होते. पावसाळा लागला की ते चिघळे, लस वाहू लागे आणि खाजेने तिची झोप उडे. मग वडील काष्ठौषधींच्या दुकानातून मंजिष्ठा, अनंतमूळ आणि चोपचिनी यांची पुडी आणीत व त्यांचा काढा चुलीवर चढे. ‘आपली गावठी मुळी आहे, रक्त साफ करते,’ असे आजी म्हणे. पुढे भाषेचा अभ्यास करू लागल्यावर उमगले की, आजीची ही ‘गावठी’ मुळी मुळात गावठी नव्हतीच. फारसीत ‘चोब’ म्हणजे लाकूड. चोबचिनी म्हणजे चीन देशीचे लाकूड. पालखीपुढे चालणाऱ्या चोपदाराच्या नावातही हीच चोब, म्हणजे काठी, आहे. दालचिनी आणि रेवाचिनी या शब्दांनीही आपल्या शेपटीला तो देश बांधून ठेवला आहे.

या मुळीच्या आगमनाचा एक मोठा साक्षीदार आपल्या शेजारीच, गोव्यात होऊन गेला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. त्याचा औषधींवरील संवादात्मक ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात ‘चीनच्या मुळी’वर एक स्वतंत्र संवाद आहे. युरोपीयांबरोबर आलेल्या उपदंशावर चिनी लोक ही मुळी वापरतात, ही वार्ता १५३५ च्या सुमारास इकडे पोहोचल्याचे तो नोंदवितो. त्याआधी या रोगावर पाऱ्याचे जहाल उपचार होत. त्यांच्या तुलनेत हा काढा रोग्याला सुसह्य वाटला. मुळीची कीर्ती युरोपातही पोहोचली. सम्राट पाचव्या चार्ल्सने ती घेतली आणि शरीररचनाशास्त्रज्ञ वेसालिअसने १५४६ मध्ये तिच्या काढ्याविषयी पत्ररूप ग्रंथ लिहिला. ओर्ताच्या संवादांत मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही बोलतो, हे आपण लक्षात ठेवण्याजोगे आहे. ज्ञानाची देवघेव त्या काळीही दोन्ही बाजूंनी चालत होती.

त्याच शतकात बेळगावचा किल्ला आदिलशाही सरदार असदखान लारी याच्याकडे होता आणि पोर्तुगीजांशी त्याचा राजकारणाचा संबंध होता. किनाऱ्यावरचा माल रामघाटासारख्या वाटांनी सह्याद्री चढून बेळगावच्या पेठेत येई. देशावर जाणाऱ्या व्यापाराचे हे गाव जणू उंबरठाच होते.

आपल्या वैद्यांनी या पाहुणीला कसे सामावून घेतले, हे ‘भावप्रकाश’ या सोळाव्या शतकातील ग्रंथावरून दिसते. भावमिश्राने नव्या रोगाला ‘फिरंग’ म्हटले आणि नव्या मुळीला ‘द्वीपान्तरवचा’, म्हणजे दुसऱ्या द्वीपावरचे वेखंड. रोग परका आणि औषधही परके. दोन्ही गोष्टी त्याने नावातच प्रामाणिकपणे नोंदविल्या. चरकाने अठरा कुष्ठे सांगितली आहेत. आज आपण ज्यांना इसब, नायटा, खरूज म्हणतो, त्यांच्याशी जुळणारे विचर्चिका, दद्रू, पामा हे विकार त्यांतच मोडतात. त्यांवर खदिर, निंब, बाकुची ही औषधे पूर्वापार होती. त्या पंक्तीत चोपचिनीही येऊन बसली. तिच्याच कुळातील घोटवेल आपल्या सह्याद्रीच्या रानात वाढते. चीनमध्ये मात्र या कुळातील मुळी त्वचेच्या दाहावर आजही काढ्यात पडते. तेथील वैद्य त्या विकाराला उष्णता आणि ओलावा यांचा दोष म्हणतात, तर आपले वैद्य रक्तदुष्टी.

आता या कथेची दुसरी बाजू. १९९२ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी दहा चिनी वनस्पतींचा काढा हट्टी इसबाच्या रुग्णांना देऊन पद्धतशीर चाचणी घेतली आणि त्यात लाभ दिसला. त्या दहांमध्ये ज्येष्ठमधाची एक जात होती आणि आपल्या बांधावर पायाला टोचणारा सराटाही होता. पुढे १९९९ मध्ये हाँगकाँगमधील चाचणीत मात्र तसा लाभ आढळला नाही. २०१३ मध्ये अठ्ठावीस चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला; त्यातूनही ठाम निष्कर्ष निघाला नाही. १९९९ मध्येच लंडनमध्ये तपासलेल्या अकरा चिनी मलमांपैकी आठांत स्टेरॉइड सापडले होते.

हे वाचताना मला आमच्याच घरातील एक प्रसंग आठवला. माझ्या एका जवळच्या नातलगाने इसबावर बिननावाचे ‘शुद्ध वनौषधी’ चूर्ण घेतले. पंधरा दिवसांत त्वचा आरशासारखी झाली. मात्र चेहरा सुजून गोल झाला. चूर्ण बंद करताच रोग दुपटीने उसळला. पुडी देणाऱ्याला आम्ही जाब विचारला, तर तो म्हणाला, ‘आमची परंपरा आहे.’ परंपरेच्या नावाखाली तपासणी नाकारणे हा परंपरेचाच अपमान आहे, हे त्या दिवशी मला पटले.

म्हणूनच मला एका गोष्टीचे समाधान वाटते. शहापुरात १९३३ पासून आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि २००६ मध्ये बेळगावात स्थापन झालेली केंद्रीय संशोधन संस्था आज पारंपरिक औषधांचाच अभ्यास करते. जुन्या मुळीला नव्या कसोटीवर घासण्याचे काम आपल्याच गावी व्हावे, हे उचितच आहे.

मित्रहो, आपण सीमाभागातील माणसे. पाटीवरचे नाव कोणत्या भाषेत असावे, यावरून आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या झगडा चालला आहे, आणि त्यामागील वेदना मी जाणतो. तरीही चोपचिनीचे एक सांगणे ऐका. फारसी नाव, चिनी मूळ, गोव्याचे बंदर, संस्कृत ग्रंथ आणि निपाणीतील माझ्या मराठी आजीचा काढा, एवढ्या साऱ्यांची ती आहे. आजीने तिला ‘आपली’ म्हटले, ते चूक नव्हते. फक्त ती कोणाकडून आली हे विसरू नये आणि तिचा गुण पारखल्यावाचून मानू नये, एवढेच आपण तिच्याकडून शिकावे. गुरुवर्यांनी आम्हांस शब्दांविषयी नेमके हेच शिकविले होते.