लोयोलाचे पांच गडी

खेळ पाहणाराचें प्रेम बहुधा आंकड्यांवर बसतें. कोणीं किती गुण मिळविले, कोणाच्या नांवावर कोणता विक्रम लागला, यावरून आपण आपले आवडते खेळाडू ठरवितों. शिकागो येथील लोयोला विद्यापीठाच्या १९६३ सालच्या बास्केटबॉल संघावर माझें फार प्रेम आहे. परंतु त्यांतील आवडते गडी मीं आंकड्यांवरून निवडलेले नाहींत. तें कां, हें सांगण्याचा आज विचार आहे.

त्या काळच्या अमेरिकेंत विद्यापीठांच्या संघांतून एक अलिखित नियम पाळला जाई. मैदानावर एका वेळीं कृष्णवर्णीय खेळाडू असावेत दोन, फार तर तीन. लोयोलाचे प्रशिक्षक जॉर्ज आयर्लंड यांनीं हा नियम झुगारून दिला आणि पांचांत चार कृष्णवर्णीय तरुण उभे केले. संघनायक जेरी हार्कनेस आणि रॉन मिलर हे न्यूयॉर्कचे. लेस हंटर व व्हिक राऊस हे नॅशव्हिलच्या एकाच शाळेंतले सोबती. पांचवा जॉन ईगन हा शिकागोचाच गोरा मुलगा, अंगानें लहान पण मोठ्या चिकाटीचा.

राष्ट्रीय स्पर्धेंत या संघानें पहिलाच सामना १११ विरुद्ध ४२ अशा गुणांनीं जिंकला. पुढची गांठ मिसिसिपी स्टेट विद्यापीठाशीं होती. मिसिसिपी राज्यांत गोऱ्यांनीं कृष्णवर्णीयांबरोबर खेळणें निषिद्ध मानलें जाई, आणि त्यापायीं या विद्यापीठानें आपल्या विभागांत अग्रस्थान मिळवूनही १९५९, १९६१ व १९६२ या तिन्ही सालीं राष्ट्रीय स्पर्धेकडे पाठ फिरविली होती. १९६३ सालीं अध्यक्ष डीन कोल्व्हर्ड यांनीं संघ पाठविण्याचें ठरविल्यावर न्यायालयाचा मनाईहुकूम निघाला. तो हातीं पडण्यापूर्वींच अध्यक्ष व प्रशिक्षक राज्याबाहेर निघून गेले, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं खेळाडूंनीं विमान गांठलें. इकडे हार्कनेसला धमक्यांचीं पत्रें येत होतीं.

१५ मार्च रोजीं मिशिगनमधील ईस्ट लान्सिंग येथें दोन्ही संघनायक मैदानाच्या मध्यभागीं आले. मिसिसिपीच्या जो डॅन गोल्ड यानें हात पुढें केला, हार्कनेसनें तो हातांत घेतला, आणि छायाचित्रकारांच्या दिव्यांचा लखलखाट झाला. त्यानंतर जें झालें तो एक सरळ, सभ्य सामना होता. लोयोलानें तो ६१ विरुद्ध ५१ असा जिंकला.

अंतिम सामना २३ मार्च रोजीं केंटकी राज्यांतील लुईव्हिल येथें झाला. समोर सिनसिनाटी विद्यापीठ, म्हणजे मागील दोन वर्षांचे विजेते. उत्तरार्धांत लोयोला तब्बल १५ गुणांनीं मागें पडलें. ज्याच्यावर सर्व भिस्त, त्या हार्कनेसला पहिल्या ३५ मिनिटांत चालत्या खेळांतून एकही बास्केट साधलें नाहीं. तरीही या गड्यांनीं गुणांमागून गुण भरून काढले, आणि अवघे कांहीं सेकंद उरले असतांना हार्कनेसनेंच ५४–५४ अशी बरोबरी केली.

जादा वेळांतही गुण सारखे राहिले. दोघां प्रतिस्पर्ध्यांमध्यें चेंडू वर उडविला गेला, तो लहानखुऱ्या ईगननें उडी घेऊन मिलरकडे वळविला. शेवटची फेक हार्कनेसनें करावयाची हें सर्वांना ठाऊक होतें. त्यानें उडी घेतली, वाट अडलेली पाहिली, आणि चेंडू हंटरला दिला. हंटरची फेक हुकली. त्याचा शाळासोबती राऊस टपून उभाच होता. त्यानें परतलेला चेंडू बास्केटमध्यें घातला. ६० विरुद्ध ५८. पांचही गडी सबंध ४५ मिनिटें एकदांही न बदलतां खेळले होते. ८४ फेकींपैकीं त्यांच्या अवघ्या २३ साधल्या होत्या.

आंकडेच पाहावयाचे तर हा पराभवाचा हिशेब आहे. पण त्या शेवटच्या क्षणांत एकाची उडी, दुसऱ्याची झेल, तिसऱ्याचा विवेक, चौथ्याचा प्रयत्न आणि पांचव्याची सावधता यांतलें एकहि उणें असतें, तर विजय दुसऱ्याचा झाला असता. म्हणून त्या पांचांत थोरला कोण, असें मला विचारूं नये.

मात्र माझ्या यादींत एक सहावें नांव आहे, आणि तें प्रतिपक्षाचें आहे. लोयोलाच्या गड्यांना जिंकण्यासाठीं उतरावयाचें होतें. जो डॅन गोल्डला नुसतें खेळावयास मिळावें म्हणून मिसिसिपी राज्यांतून निसटावें लागलें. त्या हस्तांदोलनानें दोघांची मैत्री जडली. २०११ सालीं गोल्ड वारला, तेव्हां हार्कनेस त्याच्या अंत्यविधीस गेला. तेथें शवपेटीजवळ त्याच हस्तांदोलनाचें छायाचित्र मांडलेलें त्याला दिसलें. पुढें २०२१ सालीं हार्कनेसहि गेला. त्या सामन्याचे गुण पुष्कळांच्या स्मरणांत नसतील. तें छायाचित्र मात्र अजून पाहिलें जातें.