इंजिनाचं पाणी

कोकणच्या मासेमारीचा इतिहास लिहिणारे ‘शीड गेलं, इंजिन आलं’ एवढ्या एका ओळीत विषय उरकतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात माझी हयात बोटींची इंजिनं उघडण्यात गेली, आणि मला ती ओळ अपुरी वाटते. इंजिन कारखान्यातून आलं, सरकारी कर्जातून आलं. पण भर समुद्रात ते थंड कसं ठेवायचं, ही विद्या कर्जाबरोबर आली नव्हती. ती बंदरातल्या मिस्त्र्यांनी आणि तांडेलांनी नुकसान सोसून मिळवली.

पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात मच्छीमार बोटींच्या यांत्रिकीकरणाने जोर धरला. केरळात 1952 च्या करारानुसार नॉर्वेच्या मदतीने कोल्लमजवळ नींदकरा-शक्तिकुलंगरा भागात काम सुरू झालं, आणि तिथे नव्या घाटाच्या बोटी आल्या. मुंबई राज्याची वाट वेगळी होती. सातपाटी, वसई, वर्सोवा इथल्या होड्या मुळातच भक्कम आणि शिडाच्या ताणाला तयार झालेल्या. त्यांच्याच पोटात इंजिन बसवलं गेलं. हे शहाणपणाचं झालं असं मी मानतो. नाखव्याची होडी ओळखीची राहिली, आणि वारा पडला म्हणून डोल जाळ्यातली मासळी वाटेत नासायची ती थांबली. पण ती होडी बांधणाऱ्या सुताराने इंजिनाचा विचार केला नव्हता. इंजिन फळ्यांखाली, मागच्या अरुंद भागात गेलं. तिथे वारा नाही, हात घालायला जागा नाही, तळाशी साचलेलं पाणी पायाला लागतंय.

माझे उस्ताद शेतावरच्या इंजिनांवर शिकले होते. 1946 साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढे विहिरीवर डिझेल इंजिन बसणं नवलाचं राहिलं नाही. विहिरीचं पाणी गोडं. इंजिनात फिरून पाटात गेलं की काम झालं. बंदरात पाणी खारं, खाडीच्या तोंडाशी गाळाचं. जुन्या बोटींत तेच पाणी पंपाने ओढून थेट सिलिंडरभोवतीच्या पोकळीत फिरवायचे आणि कडेच्या भोकातून बाहेर सोडायचे. साखर गरम पाण्यात चटकन विरघळते, पण समुद्रातले चुन्याचे क्षार उलटे वागतात. पाणी तापलं की ते खाली बसतात. म्हणून अशा इंजिनाचं पाणी 55-60 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं. आणि फार गार ठेवलं, तर डिझेल पुरतं जळत नाही, काजळी धरते. या दोन टोकांच्या मधली अरुंद जागा तांडेलाने सांभाळायची, तीही कित्येकदा तापमानाच्या काट्याशिवाय. हेड उतरवलं की आत पांढरी, दगडासारखी खपली सापडायची. खपली जाड झाली की पाणी नीट फिरत असूनही लोखंडाची उष्णता त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग पातळ ॲसिड फिरवून ती सोडवायची. वेळ चुकली तर ॲसिड लोखंडच खातं.

तापलेली बोट ओढून आणली की उस्ताद इंजिन फार तर मिनिटभर चालवायला सांगत आणि आधी कडेला वाकून बाहेर पडणारं पाणी बघत. धार बारीक असेल तर दोष पाणी येण्याच्या वाटेत: तळाच्या झडपेवर शेवाळ, गाळणीत कचरा, ढिला पट्टा, नाहीतर पंप. धार भरपूर आणि तरी इंजिन तापतंय, तर खपली, किंवा इंजिनावर जास्तीचा भार. पंख्यात जाळ्याचा दोर अडकलेला असला की इंजिनाचा काही दोष नसतानाही ते तापतं. ऑइलची पट्टी ओढल्यावर ऑइल दुधाळ दिसलं, तर पाणी आत शिरलंय; बहुधा गॅस्केट गेलं, क्वचित हेडला चीर. तापल्या हेडवर गार पाणी ओतणाऱ्या खलाशाचा हात ते जागच्या जागी धरायचे, कारण ओतीव लोखंड तेवढ्यानेच तडकतं.

पुढे दट्ट्याच्या गनमेटल पंपांची जागा रबरी इम्पेलरने घेतली. निओप्रीन हे कृत्रिम रबर अमेरिकेत ड्युपाँट कंपनीने 1930 च्या दशकात बाजारात आणलं. तेल आणि खारं पाणी दोन्ही सोसणारं. पण कोरडं फिरलं तर ते बघता बघता जळतं. इथे एक गोष्ट मी हाताखालच्या प्रत्येक पोराकडून करून घेतली. पंपाचं झाकण काढलं की इम्पेलरच्या पाकळ्या मोजायच्या. आठापैकी पाचच राहिल्या असतील, तर उरलेल्या तीन सापडेपर्यंत झाकण लावायचं नाही. तुटलेले तुकडे पाण्याबरोबर पुढे जाऊन नळीच्या वाकणात, नाहीतर हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी बसतात. नवा इम्पेलर टाकून बोट सोडली, तर ती बंदराबाहेर पडता पडता पुन्हा तापते, आणि सगळे बिचाऱ्या नव्या इम्पेलरला दोष देतात.

हीट एक्स्चेंजर आल्यावर खपलीचा जाच इंजिनातून गेला. आत गोडं पाणी आणि कूलंट बंद फेऱ्यात फिरतं, खारं पाणी बाहेरच्या बाजूने त्याला निववतं. काही बोटींत तर गोड्या पाण्याचा नळच तळाबाहेर समुद्रात असतो. नळ्यांच्या जुडग्याला वाचवायला जस्ताची कांडी लावतात. ती झिजते म्हणून बाकीचे धातू टिकतात. ही युक्ती इंजिनापेक्षा जुनी आहे. 1824 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी ती सुचवली. पत्रा वाचला, पण तांबं विरघळायचं थांबल्यामुळे त्यावर समुद्री जीव चिकटू लागले. पुस्तकातला हा अनुभव वाचला तेव्हा मला तो अगदी आमच्या बंदरातला वाटला.

गेल्या काही वर्षांत गाळणीत शेवाळापेक्षा प्लॅस्टिकच्या पिशव्या जास्त निघतात. पिशवी झडपेला चिकटते, इंजिन बंद करून बोट थांबली की आपोआप सुटून जाते, आणि बंदरात सगळं ठीक दिसतं. असा दोष शोधताना तांडेलाला नीट विचारावं लागतं: कुठे तापलं, किती वेगात, थांबल्यावर काय झालं? वर्सोवा, अलिबाग, रत्नागिरी इथल्या शासकीय केंद्रांत सहा महिन्यांच्या प्रशिक्षणात नौकानयनाबरोबर डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात. हे फार चांगलं काम आहे. तिथल्या मुलांना बंदरातले जुने मिस्त्रीही भेटायला हवेत, कारण काटा इंजिन किती तापलं ते दाखवतो. पाणी कुठे अडलं ते नळीवर हात फिरवूनच कळतं.

जूनमध्ये मासेमारी बंद होते, बोटी शाकारल्या जातात. तेव्हा नाखव्यांना माझं एवढंच सांगणं असतं: खाऱ्या पाण्याची वाट गोड्या पाण्याने धुऊन काढा, जस्ताची कांडी बघा, आणि इम्पेलर काढून घरी न्या. पंपात तसाच राहिला, तर पाकळ्या वाकल्या त्या वाकल्याच राहतात.